सुदामकाकांच्या सवाऱ्या

माझ्या गळाला आयुष्यात पहिल्यांदा जे लागलं, ती एका माणसाची टोपी होती.

त्याचं असं झालं, की रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी मला रोज तासभर कुठेतरी शांत बसायला सांगितलं. कचेरीत मी तसा शांतच बसतो, पण ते धरायचं नाही म्हणाले. मग मी मोबाइलवरून एक घडीची, चकचकीत, चरखीवाली मासेमारीची काठी मागवली आणि एका रविवारी परभणीहून पेडगाव गाठलं. गावामागे एक लहानसं तळं आहे. काठावर उभं राहून, व्हिडिओत पाहिलं होतं तसा हात मागे नेऊन मी जोरात गळ फेकला. दोरी सुसाट गेली, पण पाण्यात काही पडेना. वळून पाहिलं तर बाभळीखाली एक गृहस्थ उघड्या डोक्याने बसले होते आणि त्यांची पांढरी टोपी माझ्या काठीच्या टोकाला लोंबत होती.

ते शांतपणे म्हणाले, "टोपी काढायची असती तर तोंडानं सांगायचं, भाऊसाहेब. मी काढली असती की."

हे सुदामकाका. परभणी-ताडकळस गाडीवर उभी हयात कंडक्टरकी करून निवृत्त झालेले. गाडी सुटली होती, पण कंडक्टरकी सुटली नव्हती. त्यांच्या हातात साधी वेळूची काठी, आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्यातला पांढरा भेंड. भेंड एकदा बुडाला की ते माझा हात दाबून धरायचे. "सिंगल बेल हाय. थांबा." दुसऱ्यांदा बुडाला की, "डबल! जाऊ द्या!" आणि वीतभर लांबीची, सोनेरी खवल्यांची, पोटाने गरगरीत सिप्रनस मासोळी हवेत लखलखायची. मी मात्र सिंगलवरच ओढायचो. माझ्या गळाचं आमिष खाऊन त्या तळ्यातल्या दोन पिढ्या धष्टपुष्ट झाल्या.

"लय घाई तुमाला," काका म्हणायचे. "त्यानं पाय पायरीवर ठुला न्हाई, तवर तुमी गाडी काढायलाव."

मासोळ्यांना ते सवाऱ्या म्हणायचे. आमिष म्हणजे काकूंच्या हातच्या शिळ्या भाकरीचा गुळात मळलेला कुटका. गळाचा उलटा काटा त्यांनी कानशीने घासून गुळगुळीत केलेला असायचा. का, विचारलं तर म्हणाले, "स्टॉप आलं की दार सहज उघडाया पायजे." धरलेली मासोळी ओल्या हाताने दोन क्षण निरखायची, "पेडगाव! उतरा सावकाश!" असा पुकारा करायचा आणि पाण्यात सोडायची, हा नेम. मासे न खाणारे होते असं मात्र नाही. कालवणाचे मासे बाजारातून यायचे आणि काका काटेसुद्धा चोखून ठेवायचे. पण या तळ्यातला मासा नाही. "ज्याच्यासंगं सकाळी बोललो, त्याला दुपारी ताटात कसा बघू?"

आणि पौर्णिमेला गळाला सुट्टी. त्या दिवशी काका-काकू पांढरे कपडे घालून विहारात जायचे, पंचशील घ्यायचे. काठी घरात खुंटीला. "आज आपला वीकली ऑफ," काका म्हणायचे, "अन् त्यांचाबी."

असे दोन उन्हाळे गेले. माझा रक्तदाब उतरला की नाही ठाऊक नाही, कारण मोजायला सवडच मिळाली नाही. घरी बायको मात्र विचारायची, "आज काय धरलं?" ती शाळेत शिकवते, खरं उत्तर येईपर्यंत प्रश्न सोडत नाही. मी सांगायचो, "सावली धरून बसलो होतो."

तिसऱ्या उन्हाळ्यात तळं आटत आटत एका मोठ्या अंगणाएवढं राहिलं. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सकाळी सात वाजता काकांचा फोन आला. आवाजात कंडक्टर नव्हता.

"भाऊसाहेब, उद्या गाळ काढायला मशीन यायलंय. मला आत्ता कळालं. सवाऱ्या अडकल्यात. काकूच्या भावाचं झरीला शेततळं हाय, भरलेलं. गाडी घेऊन या. पेशल लावायचीय."

मी बायकोला "कचेरीचं काम आहे" असं सांगून निघालो. पौर्णिमेची सुट्टी होती, हे माझ्या लक्षात यायच्या आत तिच्या लक्षात आलं होतं.

पोचलो तेव्हा काका विहारातून परस्पर तळ्यावर आलेले. पांढराशुभ्र सदरा, पांढरं धोतर, आणि हातात काठी. पण गळ पाण्यात नव्हता. समोर कमरेवर हात ठेवून काकू उभ्या होत्या.

"घंटाभर झाला न्हाई पंचशील घेऊन. अन् हातात गळ?"

"सोडायसाठीच धरायलोय की."

"ते मासोळीला ठावं हाय का?"

तीस वर्षं भरल्या गाडीत कोणाचं ऐकून न घेणारा हा माणूस, पण या सवालावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. ते काठी मांडीवर आडवी घेऊन खाली बसले. तळ्यात पाणी गुडघाभर, वर ऊन चढायला लागलेलं, आणि मासोळ्या तोंडं वर काढून बुडबुडे सोडायलेल्या. काका त्या बुडबुड्यांकडे पाहत राहिले. म्हणाले, "पोटच्या लेकरासारखं सांभाळलंय. नेम मोडला तर काकू बोलायची न्हाई. न्हाई मोडला तर मशीन उचलून बांधावर फेकंल."

मला राहवलं नाही. "काकू, मी धरतो ना गळ. मला कुठं नेम आहे?"

काकूंनी मला आपादमस्तक पाहिलं. "तुमी? तुमच्या गळाला टोप्या लागत्यात."

एवढं बोलून त्या तरातरा घराकडे निघून गेल्या. आम्ही दोघं गुन्हेगारासारखे बसलो. पाच मिनिटांनी त्या परत आल्या, हातात एक जुनं, विरलेलं पांढरं लुगडं घेऊन. पदर खोचला, सरळ पाण्यात उतरल्या आणि लुगड्याचं एक टोक काकांकडे फेकलं.

"गळ न्हाई, काटा न्हाई. पकडा तिकडून. नुसतं उचलायचं, पाण्यासकट."

काकांना जाळं कधीच पसंत नव्हतं. त्याला ते "कोंबून भरणं" म्हणायचे. तरी त्यांनी लुगड्याचं टोक मनगटाला गुंडाळलं. मग काठी बाभळीला टेकवली, धोतर वर खोचलं आणि आवाजात कंडक्टर परत आला. "जत्रा पेशल हाय! उभ्यानं घ्या! पुढं सरका, पुढं सरका!"

त्यापुढचे दोन तास म्हणजे निव्वळ धुडगूस. काका एका टोकाला, काकू दुसऱ्या, आणि मी मधे मासोळ्या हाकायला. मी चिखलात तीनदा बसलो, दोनदा पडलो. एकदा तर लुगड्यात मीच सापडलो. काकू ओरडल्या, "ही सवारी आपली न्हाई, सोडा हिला!" आणि हसता हसता काका पाण्यातच बसले. पांढरे कपडे असे काळे झाले, की विहारातल्या कोणी त्यांना ओळखलं नसतं.

माझ्या मोटारीच्या मागच्या सीटवर निळा पिंप ठेवला. त्यात तळ्याचं पाणी, त्यात सवाऱ्या. शेजारी काका, पिंपाला मिठी मारून. पुढे काकू. झरीच्या रस्त्याला लागलो आणि एका गतिरोधकावर मी गाडी अशी उडवली, की अर्धा पिंप आत सांडला. मासोळ्या पायदानावर, काकांच्या मांडीवर. एक माझ्या मानेवरून पुढच्या काचेवर.

आता काका शिव्या घालणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. मागून शांत आवाज आला, "गाडी फेल झाली. कोणी घाबरू नका. दुसरी व्यवस्था होतीय."

रस्त्याकडेला हापसा होता. मी जीव खाऊन हापसलं, काकूंनी पिंप भरला, काकांनी सीटखाली अर्धं शरीर घालून एकेक सवारी परत बसवली. अखेर शेततळ्यावर पोचलो. पिंप कलता केला तेव्हा पहिल्या दोघी पोट वर करून तरंगल्या. काकांनी त्यांना पाण्यातच तळहातावर धरलं, हळूहळू मागे-पुढे हलवत राहिले.  मग एकीने शेपूट मारलं, पाठोपाठ दुसरीने, आणि दोघी खोल निघून गेल्या. काकांनी रिकाम्या पिंपावर बोटाने दोनदा ठोकलं. टक, टक.

दुसऱ्या दिवशी मशीन आलंच नाही. आलं ते आठवड्याने, आणि तोवर तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या.

इकडे चौथ्या दिवशी माझ्या सीटखाली एक सवारी सापडली. सापडली म्हणजे नाकाने. बायकोने गाडी चार वेळा धुवून घेतली, लिंबं ठेवली, कापूर ठेवला. तरी ढगाळ हवा झाली की वास उठायचाच. ती पुढे बसून पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, "कचेरीचं काम फार मुरलंय हो."

पावसात तळं पुन्हा भरलं आणि काका पुन्हा गळ टाकून बसायला लागले. त्या हिवाळ्यात सुदामकाका गेले. दुपारी जेवून बाभळीखाली टेकले, ते उठलेच नाहीत. भेंड पाण्यावर होता. बुडाला असेल तर त्यांना कळलं नाही.

परवा आम्ही दोघं काकूंना भेटून परत येत होतो; काकूंनी बायकोला त्या पेशलची सगळी हकीकत सांगितली होती. आभाळ भरून आलं आणि मागच्या सीटवरून तो ओळखीचा वास उठला. मी म्हणालो, "आता मात्र ही सीटच बदलून घेतो."

बायकोने मागे वळून पाहिलं. पदर नाकाला लावला नाही.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "बसलेल्या माणसाला उठवू नये."