दादाची मिटलेली मूठ

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगते, बहुतेक वेळा हसायलाच. आम्ही बौद्ध. पप्पा वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी घरात कधी अंगारा आणू दिला नाही की गंडादोरा. कुणी काही सांगायला लागलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "तू सोता बघितलंस का?" पप्पा आता नाहीत. पण हे मी स्वतः बघितलंय, म्हणून लिहितेय. नावं बदललीत. बाकी काही बदललेलं नाही.

मी आईबरोबर जुळे सोलापुरात राहते. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच व्हिडिओ गेम टेस्ट करते. गेल्या वर्षी ज्या गेमवर काम चालू होतं तो रोल-प्लेइंग गेम होता... म्हणजे आपण एक योद्धा निवडायचा, त्याला घेऊन गावोगाव फिरायचं, लढायचं, त्याला घडवत न्यायचं. माझ्याकडे होता जखमांचा भाग. बऱ्याच गेममध्ये जीव म्हणजे एक लाल पट्टी असते, ती संपली की खेळ संपला. इथे प्रत्येक अवयवाची पट्टी वेगळी होती. पाय जायबंदी झाला की योद्ध्याला पळता येत नाही, उडी मारून वार चुकवता येत नाही. डोक्याला लागलं की समोरचं धूसर दिसतं. उजवा हात मोडला की तलवार गळून पडते, मोठी शस्त्रं बंद होतात, आणि ढाल किंवा तलवार यांतलं एकच काहीतरी डाव्या हातात घेऊन लढावं लागतं. ही जखम आपोआप भरत नाही. वैद्याच्या झोपडीपर्यंत त्याला चालवत न्यावं लागतं.

माझं काम काय, तर त्या योद्ध्याचा हात दिवसातून सात-आठ वेळा मोडायचा, बरा करायचा, परत मोडायचा... आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वेळेसकट शीटमध्ये लिहायचं.

आता दादाबद्दल. माझा मोठा भाऊ सोलापूरजवळ कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत राहतो. तो टॉवेलच्या कारखान्यात होता. पावणेतीन वर्षांपूर्वी तिथे अपघात झाला. त्याचा जोडीदार व्यंकटेश — दोघं बारा वर्षं एकाच पाळीला, डबा एकत्र — त्याची बाही पाणी पिळायच्या रोलरमध्ये अडकली. दादाने त्याचा हात धरून ओढायचा प्रयत्न केला. मशीन बंद होईपर्यंत दोघांचेही हात आत गेले होते. व्यंकटेश दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. दादाचा उजवा हात कोपराखाली काढावा लागला.

हात गेला, पण दुखणं राहिलं. डॉक्टरांनी समजावलं होतं की याला फँटम पेन म्हणतात, हात नसतो पण मेंदूला तो असल्यासारखाच वाटतो. दादा एवढंच सांगायचा की मूठ आवळलेली आहे, नखं तळव्यात रुततात, आणि उघडता येत नाही. डॉक्टरांनी दुखण्याच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. वहिनी त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची.

एकदा तपासणीसाठी दादा शहरात आला होता, तो दुपारी आमच्याकडे थांबला. मी काम करत होते, तो मागे खुर्चीत बसून बघत होता. मोडक्या हाताचा योद्धा डाव्या हाताने सपासप वार करत होता. दादा म्हणाला, "असं नसतंय. हात गेला की आदी तोल जातोय. हा बघ कसा सरळ पळाय लागलाय."

मग तो स्वतःच उठला आणि आमच्या छोट्या हॉलमध्ये चालून दाखवलं. उजवा खांदा थोडा पुढे, त्याच बाजूचा उरलेला हात छातीशी धरलेला. गर्दीत चालताना उजवी बाजू कायम भिंतीकडे ठेवतो, म्हणाला, कारण त्या बाजूने कुणी आलं तर थोपवायला काही नाही. मी त्याला विचारून फोनवर व्हिडिओ काढला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला. तिकडे सगळ्यांना तो फार आवडला. तीनेक आठवड्यांनी नवीन आवृत्ती आली. त्यात योद्ध्याचा हात मोडला की तो हुबेहूब दादासारखा चालायचा. मला अभिमान वाटला होता... आता ते आठवलं की कसंतरी होतं.

त्याच महिन्यापासून दादाचं दुखणं वाढलं. आधी आठवड्यातून एखाद-दोन वेळा व्हायचं, ते दिवसातून सहा-सात वेळा व्हायला लागलं. आम्ही म्हटलं, थंडी असेल.

एका रविवारी मी कुंभारीला गेले होते. चहा उकळत होता, मी सहज कॅलेंडर बघत होते. वहिनीने बारीक अक्षरात प्रत्येक चौकोनात वेळा लिहिल्या होत्या. रविवारचे चौकोन मात्र कोरे होते. सगळेच. वहिनी म्हणाली, "तुमी येताय म्हनून बरं वाटत असंल त्यास्नी." पण मी काही दर रविवारी जात नव्हते. मग माझं लक्ष गेलं की मागच्या महिन्यात एका आठवड्यातले मंगळवार ते गुरुवारही कोरे आहेत. त्या तीन दिवसांत मला ताप होता. मी काम केलं नव्हतं. आणि रविवारी तर मला सुट्टीच असते.

मी कॅलेंडरचा फोटो काढला. घरी येऊन शीट उघडली. वहिनीचं लिहिलेलं, अकरा वीस. माझ्या शीटमध्ये, अकरा एकोणीस, उजवा हात मोडला. वहिनीचं, बारा पाच. माझं, बारा चार. खाली खाली बघत गेले. आई हाका मारत होती जेवायला, मला उठता येईना.

पप्पांची मुलगी आहे, म्हणून लगेच मानलं नाही. दोन दिवस फक्त डावा हात आणि पाय टेस्ट केले. कुंभारीत दुखणं नाही. मग गुरुवारी नाणं घेतलं. छापा आला तर उजवा हात, काटा आला तर डावा. सहा वेळा उडवलं. चार वेळा छापा आला. संध्याकाळी वहिनीला फोन करून आजच्या वेळा विचारल्या. तिने चार सांगितल्या, शेवटचं अजून थांबलं नाही असंही म्हणाली, पण माझं लक्ष वेळांकडेच होतं. त्या चारही माझ्याच होत्या.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की आज मी दादाला चार वेळा मुद्दाम दुखवलंय. खात्री करायला. मी लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला, कंपनीला आजारी असल्याचं कळवलं, आणि ठरवलं की त्या गेमला परत हात लावायचा नाही.

घाबरण्याच्या भरात एक गोष्ट विसरले. शेवटच्या वेळी छापाच आला होता. योद्ध्याचा हात मी मोडलेलाच सोडला होता.

शनिवारी सकाळी वहिनीचा फोन आला. गुरुवार दुपारपासून दुखणं थांबलंच नव्हतं. इंजेक्शन देऊन झालं होतं, काही फरक नव्हता. दादा उरलेला उजवा हात भिंतीवर आपटत होता, शेजारच्या दोघांनी धरून ठेवलं होतं त्याला. वहिनी एवढंच म्हणाली, "मला बघवंना."

मी लॅपटॉप काढला. आम्हा टेस्टरना एका बटणात जखम भरायची सोय असते. ती दाबली. पट्टी भरली, पण हात तसाच लटकलेला. परत दाबली. तसाच. मग वैद्याकडे नेण्यावाचून मार्ग नव्हता. योद्धा उभा होता एका खिंडीच्या अलीकडे, आणि झोपडी पलीकडे. मध्ये सहा लुटारू. ही लढाई मी धडधाकट योद्धा घेऊन शेकडो वेळा जिंकले होते, हात मोडल्यावर जिंकले नव्हते. आणि हरले तर योद्धा मरतो. एरवी काही नाही, परत सुरू करायचं. पण त्या दिवशी योद्धा मेला तर कुंभारीत काय होईल, हे मला माहीत नव्हतं.

ढाल टाकून दिली. डाव्या हातात छोटी तलवार घेतली. मोकळ्यात गेले असते तर उजवीकडून पहिलाच वार बसला असता. मी त्याला खिंडीच्या कड्याला चिकटवून चालवलं, उजवी बाजू कायम दगडाकडे, दादा सांगत होता तसं. त्यामुळे एका वेळी एकच माणूस समोर येऊ शकत होता. एकेक वार करायचा, दोन पावलं मागे, परत एक वार. माझ्या हाताला इतका घाम होता की कंट्रोलर दोनदा निसटला. चौथ्या लुटारूने पायावर मारलं, त्यानंतर योद्धा लंगडत होता. शेवटच्या दोघांशी मी लढलेच नाही, लंगडतच निघाले. मागून वार बसत होते, पट्टी संपत आली होती, आणि झोपडीचं दार आलं.

दहा चाळीसला वैद्याने हात बरा केला. मी शीटमध्ये वेळ लिहिली. सवयीने.

पाच मिनिटांत वहिनीचा फोन. ती रडत होती, पण आनंदाने. थांबलं म्हणाली, एकदम थांबलं, आता झोपलेत.

मी रविवारी सकाळीच कुंभारी गाठली. वहिनीने शेंगापोळ्या केल्या होत्या, खूप दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. दादा मागच्या ओट्यावर एकटा बसला होता. मी शेजारी बसले. बरं वाटतंय ना विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला,

"हात गेला, प्रणाली."

मला वाटलं, दोन दिवसांच्या त्रासाने तो भ्रमलाय.

"आता काईच न्हाई तितं. मूठबी न्हाई. काल सकाळी उघडली आपोआप, आन संपलंच."

मी म्हटलं, चांगलंच झालं की मग. त्यावर त्याने जे सांगितलं ते त्याने डॉक्टरांना, वहिनीला, कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"मूठ रिकामी नव्हती गं. व्यंकटेशचा हात हुता तिच्यात. मशिनीत धरला तवापासनं. त्याची बोटं कळायची मला, करंगळीतलं वेढं कळायचं. मी सोडला न्हवता त्याचा हात... दोन वर्सं धरला हुता. दुखायचं, दुखू दे की. काल सुटला."

त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तो कोपराखालच्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

मग मी सगळं सांगितलं. शीट, कॅलेंडर, नाणं, खिंड, वैद्य. मला वाटलं होतं तो चिडेल. मारलं असतं तरी चाललं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, दहा चाळीस ही वेळ दोनदा विचारून घेतली, आणि मग फक्त एकच विचारलं.

"परत मोडता येतोय का त्यो?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण इतके दिवस लपवून ठेवल्यावर आणखी एक खोटं बोलवेना. लॅपटॉप बॅगेतच होता. मागच्या ओट्यावर, उन्हात, त्याच्यासमोर मी योद्ध्याला लढाईत नेलं आणि उजवा हात मोडू दिला. तलवार गळून पडली. योद्धा खांदा पुढे काढून दादासारखा चालायला लागला. दादाने डोळे मिटले होते.

काही झालं नाही.

त्याने परत करायला सांगितलं. मी परत केलं. चार वेळा. शेवटी वहिनी जेवायला बोलवायला आली आणि आम्ही उठलो.

याला आता आठ महिने झाले. दादाला त्यानंतर एकदाही दुखलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, असं होतं, फँटम पेन कधीकधी आपोआप जातं. वेळांबद्दल मी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले योगायोग. मी शीट दाखवली. ती त्यांनी नीट वाचली, परत दिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. कंपनीत मी जखमांचं काम सोडून नकाशांचं घेतलं. माझ्या जागी आलेली मुलगी रोज हात मोडते, कुंभारीत काही होत नाही. तो व्हिडिओ टाकल्यामुळे हे सुरू झालं, असं मला वाटतं. पण कसं, ते मला सांगता येत नाही.

माझ्याकडे तो जुना योद्धा अजून आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी दादा आमच्याकडे येतो, आईशी दोन शब्द बोलतो, आणि माझ्या खुर्चीमागे येऊन बसतो. काही सांगत नाही. मी गेम लावते, हात मोडू देते. तो डोळे मिटून बसतो, थोडा वेळ वाट बघतो, मग 'नाही' अशी मान हलवतो. वहिनीला वाटतं त्याला गेमचा नाद लागलाय, आणि माणूस कशात तरी रमतोय म्हणून तिला बरं वाटतं.