शोकेसमधले आठ डबे

अंबरनाथच्या कारखान्यात परदेशातून मशीन बसवायला इंजिनीयर यायचे. त्यांचं घर लावून द्यायचं काम माझ्याकडे. गॅस, पाण्याची वेळ, भाजी कुठं, रिक्षा कुठून. सातवीत शाळा सुटलेल्या, हिंगोलीकडून आलेल्या बाईला असं काम मिळालं, याचं मला अजून नवल वाटतं. म्हणून चुकायची धास्तीही कायम.

कात्रपच्या एका बिल्डिंगीत कोरियाचे नवराबायको राहायला आले. मॅडम दिवसभर एकट्या. दिवाळीत शेजारच्या सात घरांतून फराळ आला, मीही डबाभर लाडू दिले. पुढं महिन्याभरानं सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंनी मला जिन्यात गाठलं. घराचा करार संपत आलेला, आणि त्यांच्या होकाराशिवाय तो पुढं सरकणार नव्हता.

"तुझी मॅडम आमचे डबे गिळून बसली गं. मागायचं तरी कसं, बरं दिसतं का ते? अशी माणसं कशाला ठेवायची?"

वर गेले तर शोकेसमध्ये आठ स्टीलचे डबे, घासून चकचकीत, ओळीनं मांडलेले. मॅडमना वाटलेलं, डब्यासकट भेट. डब्यांवर ठिपक्यांनी कोरलेली नावं म्हणजे त्यांच्या लेखी नक्षी.

दुसरं घर शोधायचं तर पुन्हा दहा ठिकाणी 'फॉरेनर नको' ऐकायचं. पाय आधीच भरून आले होते. मी एकेका नावावर बोट ठेवलं आणि त्या त्या दाराकडं दाखवत गेले. मॅडम खुर्चीत बसल्याच. कानापर्यंत लाल. मग उठून डबे पिशवीत भरायला लागल्या. मी हात धरला. डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर निदान साखर घालायची.

सात दारं, चार मजले, लिफ्ट बंद. प्रत्येक दारात मॅडम कमरेत वाकायच्या. काकूंचं दार शेवटी घेतलं. त्यांनी झाकण उघडलं, साखर बघितली.

"आत या. चहा टाकते. हिला विचार, गोड कितपत लागतं."

कराराचं मी काढलंच नाही. कप खाली ठेवताना त्याच म्हणाल्या, कागद पाठवून दे.

परत आल्यावर मॅडमनी आठवा डबा माझ्यासमोर धरला आणि दाराकडं बघितलं. त्याच्यावर माझ्या आईचं नाव होतं. त्या बिल्डिंगीत माझं दार कुठलं असणार? मी स्वतःकडं बोट केलं. त्यांनी तोही साखरेनं भरला.

शेअर रिक्षात माझ्या चामटोलीच्या खोलीपर्यंत तो मांडीवर घेऊन बसले, झाकण दाबून धरून.