चारशे वर्षांच्या तुळया

सुधाकाका गेल्याचा फोन गावाहून आला तेव्हा मी ऑफिसात होते. “ओके” एवढंच म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. रडू आलं नाही. राग आला, आणि तो सहा आठवडे झाले तरी उतरलेला नाही.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. उम्म अल कुवैनच्या एका जॉइनरीत, म्हणजे लाकूडकामाच्या कारखान्यात सुतार होते, शुक्रवारी आमच्या दुबईतल्या अल मनखूलच्या घरी जेवायला यायचे. मी नववीत असताना त्यांच्याकडे काम आलं ते दुबईतल्या एका हॉटेलात जुना इंग्लिश पब हुबेहूब उभा करायचं. काका नकाशांची गुंडाळी आणायचे आणि मी त्यावरचं इंग्लिश वाचून सांगायचे. बुटकं छत, ओकच्या जाड तुळया, धुराने काळ्या पडलेल्या, मध्ये झोळ आलेल्या. आयुष्यभर ओळंबा लावून काम केलेल्या माणसाला आता मुद्दाम वाकडं करायचं होतं. आई हसली. काका हसले नाहीत. “वाकडाच करूचा तर नीट वाकडा करूया,” म्हणाले. मग मलाच विचारत बसले, चूल कुठे असेल, धूर कुठून जात असेल, कुठली तुळई आधी वाकली असेल... फळ्या जोडून केलेल्या पोकळ तुळया चालणार होत्या, तरी फोरमनशी भांडून त्यांनी भरीव लाकूड घेतलं. जोड लाकडी खुंट्यांनी केले. साखळीने मारून कडा मोडल्या, काजळी चोळली.

पब उघडला तेव्हा काकांना दारातूनच परत पाठवलं. तिथलं एक छापील कार्ड मात्र त्यांना मिळालं. ते माझ्यापुढे ठेवून बसले. त्यावर लिहिलं होतं की या तुळया इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या चारशे वर्षांच्या पबातून उतरवून आणल्या आहेत. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

“काम फार सुंदर झालंय, असं लिहिलंय,” मी म्हणाले.

त्यांनी ते कार्ड गावी नेऊन फ्रेम केलं. येईल त्याला दाखवायचे.

गेल्या आठवड्यात काकूचा फोन आला. गावच्या शाळेत शोकसभा आहे, कार्डावरचं मराठीत सांग, वाचून दाखवायचंय. मी खरं ते सांगितलं. इतकी वर्षं त्या हॉटेलवर चिडत आले, पण काकांशी समोर बसून खोटं बोलले ती मीच.  काकूने विचारलं, “मगे ह्यांचा नाव खंय लिवला हा?”

कुठेच नाही, काकू. ते कार्ड फ्रेममधून काढ आणि हे पेपरात छापून आलं की त्याचं कात्रण लाव. ते छत सुधाकर मेस्त्री यांनी केलं, स्वतःच्या हातांनी, उम्म अल कुवैनमध्ये.