आमच्या घरातली दोन मतं

मला निवडणुकांची किळस येते. मोठ्या निवडणुका टीव्हीवर होतात, त्यांचं काही नाही. मी म्हणतोय ती आमच्या वॉर्डाची निवडणूक, जिथे उमेदवार थेट दारात येऊन स्वतःच्या बुटांचा चिखल आपल्या पायपुसण्याला पुसतो.

कॅल्गरीतली तेलकंपनीची इंजिनिअरकी संपवून आम्ही नवरा-बायको लेकीजवळ राहायला टोरांटोच्या पश्चिमेच्या या गावात आलो, तेव्हा घरामागे मक्याचं शेत होतं. त्या शेताचा मालकच आमचा काउन्सिलर, म्हणजे नगरसेवक. त्याच्याविरुद्ध कुणी उभं राहायचं नाही, कारण उभं राहायला वॉर्डात माणसंच नव्हती. दुसऱ्या निवडणुकीआधी त्याने शेत विकलं, त्यावर घरं उठली, आणि गडी 'शेती वाचवा' अशी पाटी लावून पुन्हा निवडून आला. शी! तिसऱ्या खेपेला एका बिल्डरचा जावई उभा राहिला. त्याच्या पत्रकावर देवनागरीत 'नमस्कार' छापलेलं होतं, आणि तेवढ्यावर आमचं अख्खं महाराष्ट्र मंडळ पाघळलं. गणपतीला तो बूट घालूनच आरतीला उभा राहायचा, मोदक काट्याने टोचून खायचा, आणि आमची मंडळी त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लावायची. मीही लावली होती. तो फोटो अजून फोनमध्ये आहे.

या सगळ्या काळात एक गोष्ट मात्र तशीच राहिली. आमच्या रस्त्याचा फुटपाथ विजेच्या एका खांबापाशी संपतो. पुढे नुसती खडी. आमच्या सगळ्या गल्लीचा मेलबॉक्स त्या खांबाच्या पुढे, आणि दुकानांचा प्लाझा त्याच्याही पुढे. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बायको वॉकर घेऊन चालते. खांबापर्यंत जाते आणि परत फिरते. खडीत चाकं रुततात, बाजूने गाड्या सुसाट जातात. "मी आपली खांबापर्यंतची बाई," असं ती हसून सांगायची. मी शहाणा, मीही हसायचो. पत्रं मी आणायचो, मीच उघडायचो, तिच्या नावाचीसुद्धा. चाळीस वर्षांची सवय.

पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त नर्स राहतात. सगळे त्यांना ताई म्हणतात. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला ढीगभर कांदे यांनीच चिरायचे, आणि फोटोत कधी दिसायच्या नाहीत. एकदा बायको खडीवर पडली तेव्हा ताईच तिला उचलून घरी घेऊन आल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या, "बास झालं. या वेळी त्या जावयासमोर मी उभी राहते. फुटपाथ प्लाझापर्यंत नेते की नाही बघा." आणि राहिल्या हो! गुडघ्याला पट्टा बांधून दारोदार फिरल्या. बायको आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यांच्या पत्रकांच्या घड्या घालायची. इतकी खूश मी तिला ऑपरेशननंतर पाहिली नव्हती.

इथे आता मत ऑनलाइनही देता येतं. प्रत्येकाच्या नावाने घरी पत्र येतं, त्यात एक गुप्त आकडा असतो. तो आकडा आणि जन्मतारीख टाकली की झालं. आमची दोन पत्रं आली, ती मी नेहमीप्रमाणे उघडली आणि कोटाच्या खिशात टाकली.

मंडळाचा दसरा शाळेच्या जिममध्ये होता, मी एकटाच गेलो होतो. दारात आमचे सेक्रेटरी बसलेले. मनुष्य मोठा मदतीचा. कुणाचा पासपोर्ट, कुणाचा पेन्शनचा फॉर्म, सगळं हसत करून देणार. म्हाताऱ्यांची कागदपत्रं त्यांच्याकडे सोपवायची आम्हाला इतकी सवय की त्यांनी हात पुढे केला की आपला हात आपोआप खिशात जातो. त्या दिवशी त्यांच्यापुढे बुटांचा रिकामा खोका होता, आणि आमच्या वयाची सगळी मंडळी त्यात आपापली पत्रं टाकत होती.

"काका, आणलंत ना पत्र? द्या, करून टाकतो. तुम्हाला कशाला कॉम्प्युटरची कटकट?"

मला कॉम्प्युटरची कटकट! आयुष्यभर पाइपलाइनींची गणितं मांडली मी. पण समोर श्रीखंड वाढत होते, मागे रांग होती, आणि कुणी आपली सेवा करतंय म्हटलं की मला बरं वाटतं, हे खरं. दोन्ही पत्रं दिली. "ताईंना, बरं का," एवढं म्हणालो.

"अहो, बघतो की मी."

जन्मतारीख त्यांनी विचारलीही नाही. दर वाढदिवसाला मंडळाच्या ग्रुपवर केकचं चित्र तेच टाकतात. सगळ्यांच्या तारखा त्यांच्याकडे होत्याच.

घरी आल्यावर मी बायकोला काही बोललो नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही मला. मतदानाच्या दिवशी सकाळी बघतो तर ही नारायणपेठ नेसून, वर जाड कोट घालून तयार. "मला केंद्रावर जाऊन द्यायचंय. ताईच्या नावापुढे स्वतः खूण करायचीय." मी म्हटलं, अगं, पत्र तर सेक्रेटरींना दिलंय, ते करणार होते. ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझंही?" मग म्हणाली, "केलं नसेल अजून. चला."

केंद्रावरच्या गोऱ्या बाईंनी ओळखपत्रं पाहिली, स्क्रीन पाहिला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की तुम्ही दोघांनी गुरुवारीच मत दिलंय. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, तुमची पत्रं दुसऱ्या कुणाच्या हातात गेली होती का? तसं असेल तर लिहून द्या, चौकशी होईल. आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

मी तिथूनच सेक्रेटरींना फोन लावला. "काका, कमिटीत ठरलं ना आपलं! तो जावई निवडून येणारच होता. गणपतीला कम्युनिटी हॉल देतोय तो आपल्याला. ताई काय, घरच्याच आहेत." कमिटीत ठरलं! तीन डोकी पुरणपोळी खाता खाता ठरवणार आणि आम्ही हात कापून दिल्यासारखे बसणार. डोक्यात तिडीक गेली. पण फोन ठेवून मी काय केलं? फॉर्म त्या बाईंकडे परत सरकवला आणि म्हणालो, "वय झालं. दिलं असेल मत, विसरलो."

मंडळाला वाचवत होतो म्हणे मी! छे. पत्र कुणी दिलं हे लिहावं लागलं असतं, आणि एवढा शिकलेला माणूस बुटांच्या खोक्यात मत टाकून आला, हे गावभर झालं असतं. शेण मी खाल्लं होतं, आणि म्हातारपणाच्या नावाने तोंड पुसलं. बायको शेजारी वॉकर धरून उभी होती.

ताई पडल्या. किती मतांनी? दसऱ्याला जिममध्ये जेवढी ताटं वाढली होती, त्यापेक्षा कमी.

त्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या, वाटीत नारळाच्या वड्या घेऊन. हरलेली बाई आम्हालाच धीर देत होती. "भाऊजी, बाकीच्यांचं सोडा. या घरातली दोन मतं माझी होती ना, मला तेवढं पुरे."

मी वडी तोंडात टाकली, म्हणजे बोलायला नको.

"नव्हती गं," बायको म्हणाली. "यांनी खोक्यात टाकली दोन्ही. माझंही. आणि फॉर्म पुढे आला तर म्हणाले, विसरलो." एवढं बोलून ती रडली. चाळीस वर्षांत मी तिला परक्यासमोर रडताना पाहिलं नव्हतं. ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, बूट चढवले आणि गेल्या.

मी अजूनही टाउन हॉलला जाऊन ते लिहून देऊ शकलो असतो. रोज म्हणायचो, उद्या जाऊ. दोन हिवाळे गेले. जावई काउन्सिलर आहे, गणपती कम्युनिटी हॉलमध्ये बसतो, आणि फुटपाथ त्याच खांबापाशी संपतो.

ताई वड्या घेऊन आल्या होत्या त्याच दिवशी बायकोने माझ्याकडून मेलबॉक्सची चावी मागून घेतली. आता रोज दुपारी ती वॉकर घेऊन निघते, खांबापाशी थांबते, आणि मग खडीवर उतरते. चाकं रुततात, ती उचलून पुढे ठेवते. बर्फातसुद्धा. मी पहिल्यांदा म्हटलं, अगं, पडशील, मी आणतो की.

"नको," ती म्हणाली. "माझ्या नावाचं असतं."