टान यांच्या घरची मराठी वही

विमान उतरू लागलं तेव्हा खाली समुद्रात नांगरलेली जहाजं दिसली, नजर पोचेल तिथपर्यंत. मिरजेच्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. जपान्यांनी ब्रिटिशांकडून हे बेट कसं घेतलं ते फळ्यावर नकाशा काढून सांगायची. आता लेकीकडे, मृणालकडे, महिनाभर राहायला आले होते. ती वन-नॉर्थ या संशोधनसंकुलात काम करते आणि ईस्ट कोस्टला एका इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहते.

तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिचे शेजारी टान भेटले. ऐंशी कधीच ओलांडलेले, काटकुळे, शर्टाला कडक इस्त्री. मृणालनं माझी ओळख करून दिली, तर हसलेही नाहीत.

"टीचर, मराठी वाचता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

परक्या देशात परका माणूस असं विचारतो तेव्हा माझा हात आधी पर्सवर जातो. तसाच गेला.

शनिवारी त्यांनी आम्हा दोघींना हॉकर सेंटरमध्ये (एका छताखाली मांडलेल्या खाण्याच्या गाळ्यांमध्ये) बोलावलं. काया टोस्ट (नारळाच्या दुधाचा गोड मुरंबा लावलेला पाव) झकास होता. पण ते सारखे माझ्याकडे रोखून बघत होते.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. जपान चीनवर चालून गेला तेव्हा त्यांचे वडील इथं कापडाचं दुकान चालवत आणि चीनमधल्या निर्वासितांसाठी वर्गणी गोळा करत. माडीवर एक मराठी कारकून भाड्यानं राहायचा. पुढे जपानी इथंच आले आणि वर्गणी जमवणाऱ्यांना शोधू लागले. एका सकाळी वडिलांना चौकशीला नेलं, ते परतले नाहीत.

"आई मरेपर्यंत म्हणायची, माडीवरच्यानं तांदळासाठी नाव विकलं. युद्ध संपल्यावर तो गेला. जाताना आमच्या दारात हे ठेवून गेला."

प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक वही काढली. लिहिलेलं एकच पान. मी मनात वाचलं. तांदूळ मिळत नाही, ताप उतरत नाही, घरचं पत्र नाही. आणि शेवटी: 'दोन दिवस मारलं. तिसऱ्या दिवशी मी टानशेठचं नाव सांगितलं.'

मृणाल माझ्या खांद्यावरून वाचत होती. "आई, हे सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "या वयात कशाला त्यांना?"

"मुलगी काय म्हणाली?" टाननी लगेच विचारलं.

वर्गात मी दरवर्षी शिकवायची: जपाननं मांचुरिया गिळला, राष्ट्रसंघानं चौकशीला माणसं पाठवली, जपून लिहिलेला अहवाल आला, जपान संघातूनच उठून निघून गेला. पुढे इटलीनं ॲबिसिनिया घेतला. जिनिव्हात, संघाच्या सभागृहात, सगळे सभ्य शब्दांत बोलत राहिले. त्यांना मी किती नावं ठेवली होती! आणि आता माझ्याही तोंडात सभ्य शब्दच गोळा होत होते.

"ती म्हणाली, सांगू नकोस," मी म्हणाले. आणि पान इंग्रजीत वाचून दाखवलं, शेवटपर्यंत.

टाननी खिशातून एक कागद काढून उलगडला. इंग्रजीत लिहिलेल्या सात ओळी. "तुमच्याच भाषेच्या एका विद्यार्थ्यानं हे भाषांतर करून दिलं होतं. वहीत ओळी आठ आहेत. मी मोजल्या होत्या."

"म्हणजे तुम्ही मला पारखत होतात?"

"हो. तुम्हीही त्या कारकुनाच्याच माणसांपैकी."

मला राग आला. त्यांची कोपी (आटीव दूध घातलेली कडक कॉफी) निवून गेली.

"दोन दिवस?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवस."

"त्याचं नाव लिहिलंय?"

"आतल्या पुठ्ठ्यावर. विनायक." त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

मिरजेला परतल्यावरही एक शंका पाठ सोडत नव्हती. कबुली दारात ठेवायची, पण घरात कुणालाच वाचता येणार नाही अशा भाषेत. याला हिंमत म्हणायचं की पळवाट? मला अजून ठरवता आलेलं नाही.

महिन्याभरानं मृणालचा फोन आला. टान आपल्या आईच्या अस्थी ठेवल्या आहेत तिथं जाऊन आले होते. वहीतली शेवटची ओळ त्यांनी आईला चिनीत वाचून दाखवली.

"पूर्ण?" मी विचारलं.

"दोन दिवसांसकट," ती म्हणाली.

त्यांनी माफ केलं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.