न प्यायलेला कहवा
इथे आखातात, करामा भागातल्या हॉटेलात वेलदोड्याच्या कहव्याचा वास आला की मला खोर फक्कान या किनाऱ्यावरच्या गावातलं ते घर आठवतं. बँकेच्या गृहकर्ज विभागातून मी हप्ते थकलेल्या एका तरुणाच्या घरी जप्तीची नोटीस द्यायला गेलो होतो. फोन सतत बंद, म्हणजे पळाला असणार, अशी ऑफिसात सगळ्यांची खात्री. त्याच्या म्हाताऱ्या अरब आईने गालिच्यावर बसवून कहवा दिला. ग्राहकाकडे काही घ्यायचं नाही असा बँकेचा दंडक, म्हणून मी पेला तसाच पुढ्यात ठेवला. ती एकदम गंभीर झाली. मागणं मान्य होईपर्यंत तिकडचा पाहुणा कहव्याला तोंड लावत नाही, हे मला कुठे ठाऊक! "बोलो बेटा, क्या माँगता है? दिया समझो," ती बाजारात शिकलेल्या हिंदीत म्हणाली. घर मागायला आलेल्या माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बेटा किधर है?" "फौज में. उधर फोन नहीं रखने देते." सैन्यसेवेत असलेल्याच्या घराला हात लावायचा नाही, हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता, विचारलं मात्र कुणीच नव्हतं. नोटीस बॅगेतच राहिली आणि मी गार झालेला कहवा प्यायलो. आता नोटिसा माझ्या सहीने निघतात. प्रत्येक नोटीस मी आधी त्या पेल्यासारखी तशीच पुढ्यात ठेवतो आणि विचारतो, "माणूस आहे कुठे?"