ट्रेवरचं ओलं वर्तुळ

या ग्रुपवरचे अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेक वेळा हसते. राग मानू नका. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे — तपासल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, हेच माझं काम. भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी, नवरा मंगेश आणि शाळेत जाणारी सई. मंगेश प्यायचा. किती, ते सांगत बसत नाही. शेवटी मी सांगून टाकलं — यापुढे एक थेंब जरी घेतलास तर सईला घेऊन कोपरीला आईकडे जाईन, परत येणार नाही. त्याने सोडली. खरोखर सोडली. आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून काय जमवायला लागला? तर बिअर कंपन्यांचे जुने ट्रे. आता बोला!

तेही पत्र्याचे नाहीत, बेकेलाइटचे. जुने काळे टेलिफोन आणि स्विच असायचे ना, ते सुरुवातीच्या काळातलं प्लास्टिक. भंगारात असा ट्रे दिसला की हा अंगठ्याने कडा खसाखसा घासणार, गरम झाली की हुंगणार. औषधी, उग्र वास आला तर अस्सल. "अगं बघ ना, फिनॉल," म्हणून माझ्या नाकाशी धरायचा. "अरे, मी दिवसभर तेच हुंगून आलेय," मी म्हणायचे. पण मनातून मला बरं वाटायचं.

एकदा आंबिवलीच्या भंगारवाल्याकडून त्याने एक गोल, चॉकलेटी ट्रे आणला. कुठल्यातरी बंद पडलेल्या क्लबच्या सामानातला. मधोमध कंपनीचं नाव उठावाचं, त्यावरचा सोनेरी रंग उडालेला. हॉलमध्ये टीव्हीच्या वर खिळ्याला टांगला.

काही दिवसांनी फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी आले, तर ट्रेवर एक ओलं वर्तुळ. ग्लास उचलल्यावर राहतं तसं. बोट लावलं — चिकट. हुंगलं. तो वास मी झोपेतही ओळखेन.

"मंगेश, काय आहे हे?"

तो घरूनच अकाउंट्सची कामं करतो. लॅपटॉप सोडून बाहेर आला. आधी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला नाही माहीत."

"दुपारी घरात तू एकटाच असतोस."

"शपथ नाही घेत. घेतल्यात तेवढ्या पुरे झाल्या. पण मी नाही प्यायलो गं."

तोंडाला वास नव्हता. पण वेलची, बडीशेप... ते सगळे प्रकार मला पाठ आहेत.

मग पुन्हा झालं. आणि पुन्हा. एक गोष्ट मात्र मला खुपत होती — ट्रे भिंतीवर उभा, वर्तुळ ताजं ओलं, पण खाली एकही ओघळ नाही. तरी मी बॅग भरली.

जायच्या आधी एकदा तपासायचं ठरवलं, माझ्या पद्धतीने. ट्रे कोरडा पुसला, प्लास्टिकच्या जाड पिशवीत घातला, तोंड टेपने बंद केलं आणि अर्धी टेपवर, अर्धी पिशवीवर अशी सही केली. कंपनीत सॅम्पल आम्ही असंच सील करतो. कोणी उघडलं तर सही परत जुळत नाही. ट्रे कंपनीत नेऊन लॅबच्या कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. घरी आल्यावर मंगेशला सांगितलं, "उद्या कोरडा निघाला तर मी कोपरीला चालले." तो नुसतं "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये मी लॅबमधल्या सोनलला सोबत घेतलं. कपाट उघडलं. सील शाबूत, सही जुळलेली. पिशवी मात्र आतून दव धरल्यासारखी धुरकट. कात्री लावली आणि तोच वास आला.

वर्तुळ होतं. त्याच्या कडेला फेस होता... आणि तो अजून फुटत होता.

"मॅडम, आत्ताच कोणीतरी ग्लास ठेवून उचलल्यासारखं वाटतंय," सोनल हळूच म्हणाली आणि मागे सरकली. तेवढ्यात, आमच्या डोळ्यांदेखत, पहिल्या वर्तुळाशेजारी ट्रे ओला व्हायला लागला. आधी एक कड, मग अर्धा गोल, मग पूर्ण... आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नव्हते.

ट्रे घेऊन घरी आले आणि मंगेशला सगळं सांगितलं. वाटलं, हाही घाबरेल. तो खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला.

"म्हणजे मी नव्हतो," म्हणाला. "मला वाटत होतं मीच पितोय आणि मला आठवत नाहीये... पहिल्यासारखं. रोज तू यायच्या आधी मी घरभर बाटली शोधायचो."

मी बॅग रिकामी केली. ट्रे खाडीत टाकू म्हटलं, तर त्याने साफ नकार दिला. ट्रे परत भिंतीवर टांगलाय. वर्तुळं येतात, मंगेश फडकं घेऊन शांतपणे पुसतो. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर मला जरूर सांगा. मंगेशला मात्र सांगू नका. कित्येक वर्षांनी त्या माणसाचा स्वतःच्या शब्दावर विश्वास बसलाय.